एल, आय आणि पुढे काहीच नाही

तालेंगे बेट
३ फेब्रुवारी २००३

प्रिय आर्नो,

तुझं खोकं शनिवारी जहाजातून उतरलं. खोक्यावर तू लाल अक्षरांत ‘नाजूक’ लिहिलं होतंस. त्यावर कोणीतरी कोंबड्यांची टोपली ठेवून सगळा प्रवास केला असावा, कारण ‘नाजूक’मधली अर्धी अक्षरं कोंबड्यांनी घाण करून झाकून टाकली आहेत. तरी कॉम्प्युटरची काच शाबूत आहे.

संध्याकाळी सहाला गावाचा जनरेटर सुरू झाला तेव्हा तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. मग डाव्या कोपऱ्यात, अगदी वर, दोन पांढरी इंग्रजी अक्षरं आली. एल आणि आय. पुढे काहीच नाही. मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं बाकीची अक्षरं मागून येत असतील. दहाला वीज गेली तोवर एकही आलं नव्हतं. काल पुन्हा तेच झालं.

तू म्हणाला होतास, जुनी व्यवस्था काढतो आणि लिनक्स नावाची नवीन घालतो. ती फुकट असते, तिला किडे लागत नाहीत आणि ती कधी अडत नाही. अरे, जी सुरूच होत नाही ती अडेल कशी, हे मलाही कळतं.

ईस्टरच्या गायनाचे कागद टंकायचे आहेत म्हणून घाई करते. गावच्या कार्यालयात रेडिओ आहे, पण त्यावर एकाने बोललं की सात बेटं ऐकतात. तेव्हा जहाजाच्या कारकुनाकडे पत्रच दे.

आमचे हे, म्हणजे तुझे ओम साका, बरे आहेत. हल्ली बोलणं कमी झालंय, एवढंच. तुझ्या आईने पाठवलेलं लवंगेचं तेल मिळालं. तिला सांग, बहिणीला विसरली नाहीस, बरं वाटलं.

तुझी
तांते देल्फी


मानादो
१२ फेब्रुवारी २००३

तांते देल्फी,

घाबरण्यासारखं काही नाही. ती दोन अक्षरं म्हणजे एका नावाचा अर्धा भाग आहे. कॉम्प्युटर उठला की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. तो आपलं नाव एकेक अक्षर करून लिहितो, प्रत्येक पायरीला एक. एल, आय, एल, ओ. चारही आली की गाडी निघाली. तुमच्याकडे तो दुसऱ्या पायरीवर ठेचकाळतोय.

जहाजाच्या हादऱ्यांनी आतली एखादी तार सैल झाली असणार. मी इथे तीनदा चालवून पाहिलाय, इथून तो ठणठणीत निघाला होता. ओमना सांगा, पाठीमागचे चार स्क्रू काढून झाकण उघडायचं. आत एक राखाडी चपटी फीत दिसेल, हार्डडिस्कपासून मोठ्या पाटीपर्यंत गेलेली. ती दोन्ही टोकांना नीट दाबून बसवायची. मेमरीच्या दोन उभ्या पट्ट्या आहेत, त्या काढून त्यांची पिवळी टोकं पेन्सिलीच्या खोडरबराने पुसायची आणि परत लावायची. खारी हवा त्यांना चढते. ओमना हे सगळं येतं. मासेमारी संस्थेने हा कॉम्प्युटर टाकून दिला तेव्हा त्यांनी आणि मीच तो उघडून जोडला होता.

आणि हो, ओमच्या सगळ्या फायली मी उचलून ठेवल्या आहेत, ती काळजी नको.

आई विचारतेय, ओमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? ती म्हणते, “त्या माणसाला विचारलं तर पाय तुटला असला तरी ‘जरा खरचटलंय’ म्हणेल, म्हणून तू देल्फीला विचार.”

तुमचा
आर्नो


तालेंगे
१७ फेब्रुवारी २००३

प्रिय आर्नो,

मेमरी म्हणजे आठवण, एवढं इंग्रजी मला येतं. आठवणीची पट्टी खोडरबराने पुसायला सांगतोस. मी तीन वेळा तुझं पत्र वाचलं, म्हटलं चुकून लिहिलं असेल. मग भीतभीत पुसली. परत लावली तर कॉम्प्युटर शिट्ट्या मारू लागला. एक लांब, मग गप्प, मग परत लांब. शेजारचे आपल्या अंगणातून ओरडले, “तांते, पाणबुडी आली का?” पट्टी उलटी की सुलटी हे तू लिहिलं नव्हतंस. दाबून दाबून शेवटी ‘कट्’ असं वाजलं, तेव्हा शिट्ट्या थांबल्या आणि आपले दोन मित्र पुन्हा कोपऱ्यात येऊन उभे राहिले. एल आणि आय.

गावात आता असं झालंय की आमच्या कॉम्प्युटरवर दुकानदार को ली, म्हणजे आपले ली दादा, यांचं नाव येतं. ते काल केस विंचरून आले. पडद्यासमोर बसले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “नाव माझंच आहे. पण बोलावलंय तर काम काय ते तरी सांगायला नको?” मी म्हटलं, “को, अर्धंच नाव आहे, पुढचं आलं की कळेल.” ते म्हणाले, “माझं नाव एवढंच आहे.” आणि नाराज होऊन गेले.

आता मला सांग. ती राखाडी फीत मी काढली, झटकली. लावायला गेले तर मोठ्या पाटीवर तिच्या मापाच्या दोन खाचा आहेत, शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या. वरची की खालची? मी एकीत लावली आहे. बसली बरोबर.

फायली कुठे उचलून ठेवल्यास? ओम विचारतात, ती यादी आहे ना? ते फार विचारतात.

गुडघा बरा आहे.

तुझी
तांते देल्फी


मानादो
२६ फेब्रुवारी २००३

तांते,

तुमचं पत्र माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मोठ्याने वाचलं. को लींच्या भागाला माझी दोन गिऱ्हाइकं इतकी हसली की एकाचा चहा कीबोर्डवर सांडला. तो कीबोर्डही माझ्याच नशिबी आला.

पण एक गोष्ट मला उमगत नाही. ‘मी फीत काढली’, ‘मी पट्टी पुसली’ असं तुम्ही लिहिता. ओम काय करत होते? ती फीत त्यांनी स्वतः बसवली होती. डोळे बांधून बसवतील. आणि तुम्ही मला विचारता, वरची की खालची? मला वाटतं ते माझ्यावर रुसलेत. त्यांना ती जुनी व्यवस्था आवडायची, मी जबरदस्तीने बदलली. तसं असेल तर त्यांना म्हणावं, आर्नो कान धरतो. पण दोन ओळी तरी त्यांच्या हातच्या पाठवा.

यादी म्हणजे त्यांची ती शब्दांची यादीच ना? आहे, सुखरूप आहे.

सोबत एक फ्लॉपी पाठवतो. पिशवीत तांदूळ घातलेत ते खायचे नाहीत, ओल शोषायला आहेत. फ्लॉपी आत घालून कॉम्प्युटर सुरू करा. हार्डडिस्कवरचा तो ठेचकाळणारा प्रोग्राम बाजूला राहील आणि फ्लॉपीवरचा सगळ्यांना उठवेल. पडद्यावर बऱ्याच ओळी धावतील. त्या वाचू नका, धावू द्या. थांबल्या तर शेवटच्या चार ओळी तशाच्या तशा उतरवून पाठवा, टिंबसुद्धा सोडू नका.

आर्नो


तालेंगे
३ मार्च २००३

प्रिय आर्नो,

फ्लॉपी घातली. आधी ती दळण दळल्यासारखी कुरकुरली. मग ओळी धावल्या, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो बोलत होता. मग थांबला. शेवटच्या चार ओळी वेगळ्या कागदावर उतरवल्या आहेत. शून्य आणि ओ यांतला फरक मला पडद्यावर कळला नाही, तेव्हा जिथे शंका आली तिथे खाली रेघ मारली आहे. जवळजवळ सगळीकडे आहे.

शेवटच्या ओळीतले दोन शब्द पाद्रींच्या शब्दकोशात बघितले. एकाचा अर्थ आहे फळाच्या आतला गर, बी. दुसऱ्याचा अर्थ भेदरणे. म्हणजे आतलं बी भेदरलंय. पाद्री म्हणाले, “असं स्तोत्रांतही कुठे नाही.” मी त्यांना म्हटलं, बी कशाला भेदरलं ते मला ठाऊक असतं तर मी तुमच्याकडे आले असते का?

आर्नो, ईस्टर वीस एप्रिलला आहे. त्याच्या आधी हे व्हायलाच हवं. गायनाचं नाही झालं तरी चालेल. ती यादी एकदा उघडली पाहिजे.

खाली ओमच्या दोन ओळी आहेत.

तुझी
तांते देल्फी

*प्रिय आर्नो, मी बरा आहे. कॉम्प्युटर लवकर चालू होऊ दे. तुझा ओम साका, झकारियास माकाहिंदा.*


मानादो
१२ मार्च २००३

तांते देल्फी,

हे पत्र दुकान बंद करून, दार लावून लिहितोय. आधी माझं सांगतो.

मी तुम्हाला लिहिलं की तुमचा कॉम्प्युटर इथे तीनदा चालवून पाहिला. ते खोटं होतं. त्याचा सीडी वाचायचा खण बिघडलेला होता. म्हणून मी तुमची हार्डडिस्क काढून माझ्या नव्या कॉम्प्युटरला लावली, त्यावर लिनक्स घातलं, तिथे ती सुरेख चालली, आणि मग ती तुमच्या पेटीत परत स्क्रूने बसवली. जहाज सुटायला अडीच तास होते. तुमच्या पेटीत एकदाही सुरू करून पाहिलं नाही. पहिल्या पत्रातली दोन अक्षरं वाचली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तरी मी जहाजाच्या हादऱ्यांवर ढकललं, कारण गेली दोन वर्षं मी इथे सगळ्यांना सांगत सुटलोय की ही व्यवस्था दगडासारखी असते.

काय झालंय ते साधं आहे. तुमच्या बेटावर घर सांगताना चर्चपासून मोजतात. शेजारच्या बेटावर धक्क्यापासून मोजतात. ‘तिसरं घर’ म्हटलं तर दोन्हीकडे वेगळं निघतं. मी डिस्कवर पत्ता लिहून ठेवला तो माझ्या कॉम्प्युटरच्या मोजणीने. तुमचा म्हातारा कॉम्प्युटर आपल्या मोजणीने चालत जातो, तिसऱ्या घराचं दार ठोठावतो, आणि तिथे कोणी राहतच नाही. म्हणून एल, आय आणि पुढे काही नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. ती आठवणीची पट्टी पुसायची गरजही नव्हती.

फ्लॉपी भेदरली त्याचं कारण मात्र ती फीत. जुळ्या खाचांपैकी तुम्ही दुसरीत लावली. फ्लॉपीला मी सांगितलंय, डिस्क पहिल्या खाचेवर शोध. वरच्या खाचेत लावा. मग फ्लॉपी घालून सुरू करा. सोबतच्या कागदावर मी ओळी क्रमाने लिहिल्या आहेत, तशाच टंका. एका फायलीत एकच शब्द घालायचाय, तो लाल शाईने लिहिलाय. त्याने म्हाताऱ्याला सरळ मोजायला शिकवता येतं. शेवटची ओळ टंकलीत की फ्लॉपी काढून परत सुरू करा.

आता तुमचं.

ओमनी मला आयुष्यात कधी ‘प्रिय’ म्हटलेलं नाही. त्यांच्या चिठ्ठीची सुरुवात ‘ए गळक्या होडी’ अशी असते. आणि ते सही करत नाहीत, खाली नांगर काढतात. तुम्ही पाठवलेल्या दोन ओळी तुमच्या हातच्या आहेत. ‘झ’ला तुम्ही घालता तशी शेपटी बेटावर दुसरं कोणी घालत नाही.

तांते, काय झालंय? मी माझं सांगितलं. तुम्ही तुमचं सांगा.

आर्नो


तालेंगे
१७ मार्च २००३

आर्नो,

सहा जानेवारीला सकाळी ओम होडीला डांबर लावायला किनाऱ्यावर गेले. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा ते होडीच्या सावलीत पडले होते. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. तोंड एका बाजूला ओढलं होतं. दवाखान्यातला कंपाउंडर आला. म्हणाला, मेंदूत रक्त अडलंय, मानादोला न्या. पण ओमनी माझ्याकडून फार आधीच शपथ घेतली होती. त्यांचा भाऊ मानादोच्या वाटेवर जहाजातच गेला होता, मालाच्या पोत्यांमध्ये. ते म्हणाले होते, “मला पोत्यांमध्ये मरायचं नाही.” मी शपथ पाळली. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. तुझ्या आईला कळलं असतं तर ती पहिल्या जहाजाने येऊन त्यांना उचलून घेऊन गेली असती, म्हणून लिहिलं नाही. ती मोठी बहीण आहे. तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

तीन आठवडे त्यांच्या तोंडून आवाज आला नाही. मग आला. मी देवाचे आभार मानले. पण जे येत होतं ते मला समजेना.

तुला ठाऊक असेल, जुने लोक दर्यावर गेले की वेगळं बोलत. माशांना आणि वाऱ्याला आपला बेत कळू नये म्हणून. शब्द आपलेच, अर्थ मात्र दुसराच. बायकांना ते शिकवत नसत. आता इंजिनं आली. इंजिनाच्या धडधडीत कोण कुजबुजणार? ते बोलणं पुरतं जाणणारा, ओम सोडून, शेवटचा माणूस दोन वर्षांपूर्वी वारला. म्हणून तर ओम ती यादी टंकत बसायचे. नऊ वर्षं. मी कॉफी ठेवायला गेले की पडद्यावर हात ठेवायचे.

आता त्यांच्या तोंडात तेवढंच उरलंय. घरातलं बोलणं सगळं पुसलं गेलं आणि दर्यावरचं तेवढं राहिलं. कंपाउंडर म्हणतो, असं होतं कधीकधी. मी बोलते ते त्यांना समजतं असं वाटतं. ते बोलतात ते मला समजत नाही. त्रेचाळीस वर्षं एका घरात राहून मी त्यांच्यासमोर मुक्या जनावरासारखी बसते.

एक गोष्ट ते रोज म्हणतात. संध्याकाळी आणि पहाटे. डाव्या हाताने मला ढोसून म्हणतात, “टोपी उलटली. शिंपले मोज.”

मी त्यांची टोपी आणली. उलटी करून दाखवली. त्यांनी मान हलवली, नाही. डोक्यावर घातली, नाही. मग मी किनाऱ्यावर जाऊन ओच्यात शिंपले आणले आणि त्यांच्यासमोर बसून मोजले. एकशे बारा भरले. ते रडू लागले. मला वाटलं, चला, हेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी परत, “टोपी उलटली. शिंपले मोज.” आणि आता चिडून म्हणतात. मी आणखी शिंपले आणते. माझं डोकं चालत नाही आर्नो. मी खुर्चीतच असते. डोळा लागला आणि त्यांना काही झालं तर, या भीतीने मी पाठ टेकत नाही.

तू लिहिलंस, फायली उचलून ठेवल्या आहेत. मला वाटलं, आत कुठेतरी वरच्या फळीवर ठेवल्यास, आणि कॉम्प्युटर उघडल्याखेरीज हात पोचायचा नाही. म्हणून तुझ्यामागे लागले.

तुझा लाल शब्दाचा कागद मिळाला. आज नको, उद्या बघते.

आईला सांगू नकोस.

देल्फी


मानादो
२० मार्च २००३

तांते,

जहाजाची वाट बघत नाही. खोबऱ्याची होडी उद्या तिकडे निघतेय, तिच्या तांडेलाकडे हे पुडकं देतो.

ती यादी एकोणीस डिसेंबरपासून माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. ‘उचलून ठेवल्या’ म्हणजे मी माझ्याकडे एक प्रत करून ठेवली होती. तुम्ही पहिल्याच पत्रात एक ओळ लिहिली असती तर मी ती छापून पुढच्या जहाजाने पाठवली असती. आणि मी पहिल्याच पत्रात खरं सांगितलं असतं तर तुम्हीही कदाचित सांगितलं असतंत. काल दिवसभर मी हाच हिशेब उलटासुलटा मांडत बसलो. कशातूनच काही निघत नाही.

पानं शहाऐंशी आहेत. माझ्या प्रिंटरची रिबन जुनी आहे, साठाव्या पानापासून पुढे पुसट होत गेलंय. उजेडात धरून वाचा. छपाई नीट येतेय का हे बघायला मी पहिलं पान वाचलं, पुढचं वाचलं नाही. मी कधी सुकाणू धरलेलं नाही, मला तो हक्क नाही. तुम्हाला आहे.

तुमचं एक म्हणणं मात्र मोडलं. प्रिंटर किंचाळत होता आणि मी शेजारी उभा होतो, तेवढ्यात आई आली. म्हणाली, “कोण गेलं?” मी म्हटलं, “कोणी नाही.” ती म्हणाली, “मग तोंड असं का?” सांगितलं. ती खाली बसली, उठली आणि थेट कपाट उघडून बॅग काढली. आम्ही दोघं एकोणतीसच्या जहाजाने येतोय. हॉस्पिटलचा शब्द काढणार नाही असं ती म्हणतेय. तिच्या अशा बोलण्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

आर्नो


तालेंगे
२५ मार्च २००३

प्रिय आर्नो,

पुडकं रविवारी चर्च सुटल्यावर मिळालं. तांडेल धक्क्यावरून ओरडत आला, “तांते, कागद आहेत, पण एवढे जड?”

यादी अक्षरांच्या क्रमाने नाही. त्यांनी दर्यावर जे जसं घडतं तशी लावली आहे. होडी ढकलणं, शीड, वारा, गळ, वादळ. मी ओसरीत बसून एकेक पान उलटत गेले. ओम आतून खाटेवरून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं हात वर करतील, थांबवतील. त्यांनी काही केलं नाही.

एकाहत्तराव्या पानावर ‘सुकाणू’ होतं. इतकं पुसट की कागद उन्हात धरावा लागला.

‘टोपी उलटली: सुकाणूवरची पाळी बदलली. झोपून उठलेला माणूस बसलेल्याला असं म्हणतो.’

त्याच्याखाली, ‘शिंपले मोज: जा, आता तू झोप.’

मी ते परत वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं.

जानेवारीपासून हा माणूस मला रोज दोनदा सांगतोय की मी जागा आहे, तू जाऊन झोप. आणि मी त्यांच्यापुढे टोपी नाचवते आणि शिंपले मोजते. खाटेखाली शिंपल्यांच्या तीन टोपल्या आहेत.

त्याला उत्तरही दिलेलं आहे. पाळी सोडणाऱ्याने म्हणायचं, “दांडा गरम आहे.” म्हणजे तू धर, मी निघालो. आत गेले. बाईमाणसाने हे तोंडातून काढावं की नाही याचा विचार केला, मग म्हटलं दर्या दोनशे पावलं लांब आहे, ऐकलं तर ऐकलं. हळूच म्हटलं, “दांडा गरम आहे.”

आर्नो, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोण आहे हे त्यांना आत्ताच कळतंय. मग चांगला हात पलंगाच्या काठावर ठेवला, सुकाणूच्या दांड्यावर ठेवतात तसा, आणि हनुवटीने माझ्या गादीकडे खूण केली. दुपारचे दोन वाजले होते. मी पाठ टेकली. उठले तेव्हा सोमवारच्या सकाळची घंटा वाजत होती, आणि शेजारीण पेज घेऊन दारात उभी होती. म्हणाली, “दोनदा येऊन गेले. हाक मारायला लागले की ते ओठावर बोट ठेवतात.” त्यांचा हात काठावरच होता.

झोप झाल्यावर डोकं चालतं. काल संध्याकाळी फीत वरच्या खाचेत लावली. फ्लॉपी घातली. बी भेदरलं नाही. तुझ्या कागदावरच्या ओळी टंकल्या, दोनदा चुकले, लाल शब्द घातला. परत सुरू केलं तेव्हा को ली शेजारीच उभे होते. चारही अक्षरं आली. को लींनी ती वाचली, म्हणाले, “म्हणजे मी नाहीच,” आणि कसे कोण जाणे, त्यांना हायसं वाटलं. मग पांढऱ्या पोटाचा एक पक्षी आला आणि सगळं उघडलं.

या तुम्ही दोघं. तुझ्या आईला, मार्तजेला, सांग, काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. एकदा तिचंही ऐकायला हवं होतं.

तुझी
तांते देल्फी


तालेंगे
२८ एप्रिल २००३

प्रिय आर्नो,

तू परत गेलास त्याला चार आठवडे होत आले. तू दाखवलंस तसं मी रोज वीज जायच्या आधी कॉम्प्युटर नीट झोपवते, अंगठ्याने बटण दाबून मारत नाही.

ईस्टरला चौघांनी ओमना खुर्चीसकट चर्चमध्ये नेलं. गाणी टंकायची राहूनच गेली होती, सगळ्यांनी पाठ म्हटली, आणि तिसरं गाणं कोणालाच पाठ नव्हतं असं तेव्हा कळलं. कंपाउंडर आता रोज सकाळी येऊन त्यांच्याकडून पाय उचलून घेतो. खुर्ची धरून उभे राहतात, पन्नास मोजेपर्यंत. मानादोचं म्हणशील तर मी त्यांना सरळ विचारलं. पोत्यांमध्ये नाही, तुझ्या आईच्या घरी, खिडकीजवळची खाट. त्यांनी यादीतलं उत्तर दिलं. त्याचा अर्थ असा की वाऱ्याचं तोंड बघून ठरवू. म्हणजे नाही म्हणाले नाहीत. जूनमध्ये दर्या शांत असतो तेव्हा बघू.

तुझी आई अजून इथेच आहे. हॉस्पिटलचा शब्द तिने पूर्ण दोन दिवस काढला नाही, हे तिच्या मानाने पुष्कळच झालं. माझं स्वयंपाकघर तिने उलटंपालटं केलंय. मीठ कुठे आहे हे मला माझ्याच घरात विचारावं लागतं. ओमची पेज तिच्याशिवाय कोणी करायची नाही, त्यांची चादर तिच्याशिवाय कोणी ताणायची नाही. मी दोन वेळा पाळी बदलून झोपते, ती माझ्या वाट्याची तिसरीही घेते. भांडतो, पण मी तिला जा म्हणत नाही.

संध्याकाळी मी ओमना पडद्यासमोर बसवते आणि आम्ही यादी पुढे नेतो. ते म्हणतात, मी टंकते. अर्थ विचारला की डाव्या हाताने खुणा करतात. कधी कळतं, कधी नाही कळत. पुष्कळदा मी एक समजते आणि ते भलतंच निघतं, मग ते कपाळावर हात मारतात. सतरा नवीन ओळी झाल्या आहेत.

त्यांतली एक अशी आहे. मार्तजे खोलीत आली की ते दर वेळी म्हणतात, “खेकडा दोरी चढला.” यादीत ते कुठेच नव्हतं. म्हणतात आणि चांगल्या अर्ध्या तोंडाने हसतात. तिला वाटतं ते तिचे आभार मानतात. ती पेजेचं भांडं ठेवून म्हणते, “देव भलं करो, साका, आपल्याच माणसांचं करतेय.” त्यावर ते आणखी हसतात. इतके हसतात की मला त्यांचं तोंड पुसावं लागतं.

ओळ मी घातली आहे. अर्थ काय ते मला बहुतेक कळलंय, पण तेवढी जागा रिकामी सोडली. तुझी आई आता पडदा वाचायला शिकते आहे.

तुझी
तांते देल्फी